रिकामं कपाट आणि वेळेवर सुटणारी विमानं

१

सकाळच्या पहिल्या चहाला जेवणघरात शिरलेला माणूस दारातच थबकला. भिंतीवरचं काचेचं कपाट सताड उघडं होतं आणि आतली पितळेची फिरती ढाल गायब होती. काच फुटलेली नव्हती, कुलूप तोडलेलं नव्हतं. ढालीखाली अंथरलेलं हिरवं मखमली कापड मात्र नीट चौकोनी घडी घालून खणात ठेवलेलं होतं. चोरी करून वर घड्या घालत बसणारा चोर त्या विमानतळावर कुणी पाहिला नव्हता.

आठवडाभर शोधाशोध झाली. कपाटं उलथीपालथी झाली, छताच्या फळ्या सरकवून झाल्या. शेवटी विमानतळाच्या संचालिकेनं हात टेकले आणि आत्याला फोन लावला.

आत्या म्हणजे साधीसुधी आत्या नव्हे. उभी हयात तिनं कस्टममध्ये काढली होती. प्रवाशाच्या चालण्यावरून बुटाच्या टाचेत काय आहे हे ती सांगायची, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असल्यामुळे त्याबद्दल कुणाला शंका उरली नव्हती. निवृत्त झाली तरी नजर निवृत्त झाली नव्हती. ती आली, भाचीच्या खोलीतल्या सगळ्यात मऊ खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ठमे, आधी सांग, एका ढालीसाठी तुझी झोप का उडालीय?"

ठमी हे घरातलं नाव. बाहेर सगळे तिला मॅडम म्हणत आणि तिच्या पावलांचा आवाज आला की सरळ बसत.

"आत्या, मी आले तेव्हा या विमानतळाचं नाव घेतलं की लोक नाक मुरडायचे. विमान कंपन्या एकेक करून निघून चालल्या होत्या. मी आराखडा केला. प्रत्येक विभागाला त्याचं स्वतःचं लक्ष्य, स्वतःचं मोजमाप, आणि दर महिन्याला पहिल्या येणाऱ्याला ढाल. वर्षभरात चित्र पालटलं. दुसरीकडचे लोक इथे शिकायला यायला लागले."

"ते मला माहीत आहे. मी आख्ख्या सोसायटीला ऐकवलंय."

"उद्या सकाळी मालकांची समिती येतेय. आराखडा पुढे चालवायचा की मला हटवून विमानतळ बाहेरच्या कंपनीला द्यायचा, ते उद्या ठरणार. माझ्या अहवालाच्या मुखपृष्ठावर ढालीचा फोटो आहे. ती कुठाय म्हणून विचारलं, तर चोरीला गेली म्हणून सांगू? ज्या बाईला घरातली ढाल सांभाळता येत नाही, तिला विमानतळ कसा देतील?"

आत्यानं चहाचा कप खाली ठेवला. भाचीचा आवाज कापताना तिनं भाचीच्या शाळेच्या दिवसांनंतर आजच ऐकला होता.

"कुलुपाच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक ज्याच्याकडे त्या महिन्याची ढाल असेल त्या विभागाकडे. आणि आत्या, गंमत बघ. माझं सगळं बिघडलेलं असताना या आठवड्यात विमानं मात्र कधी नव्हे इतकी वेळेवर सुटतायत. नशिबाची थट्टा, दुसरं काय!"

आत्या नशिबावर विश्वास ठेवत नसे. कस्टममध्ये ज्यांच्या बॅगेत सोनं सापडे, ते सगळे नशिबालाच बोल लावत.

२

संशयित तिघं होते, कारण ढालीसाठी झुंजणारे विभागप्रमुख तिघं होते. पहिले सुरक्षाप्रमुख. लोक त्यांना मेजर म्हणत. सैन्यात ते कधीच नव्हते, पण बसायचे असे की खुर्चीलाही सावधान उभं राहावंसं वाटावं.

"आत्याबाई, ढाल विमानतळाबाहेर गेलेली नाही," मेजर म्हणाले. "माझ्या गेटातून टाचणी बाहेर जात नाही. येणारी-जाणारी प्रत्येक वस्तू यंत्राखालून जाते."

"म्हणजे ती आतच आहे."

"आतच आहे, आणि मला सापडत नाही. गेल्या आठवड्यात माझं वजन उतरलंय."

"ढाल तुम्हाला हवी होती?"

मेजर थोडे लाल झाले. "हवी म्हणजे? माझ्या विभागाचं मोजमाप तपासणीपुढच्या रांगेवर होतं. माझ्याइतकी आखूड रांग कुठल्याही विमानतळावर दाखवा. तरी ढाल गेली बॅगवाल्यांकडे!"

"इतकी आखूड कशी ठेवलीत हो?"

मेजरनी छताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "लोकांना बाहेरच्या दालनात थांबवून ठेवायचो. तिथली रांग माझ्या खात्यात धरत नव्हते."

"आणि आता?"

"आता कशाला थांबवू? ढालच नाही. तपासणीचं दुसरं फाटकही उघडून टाकलं."

आत्यानं मान हलवली. माणूस खरं बोलत होता, पण त्या खरेपणात कुठेतरी पाणी मुरत होतं.

३

विमानांची आतली सफाई पाहणाऱ्या बाईंना सगळे चकाचकबाई म्हणत. नाकावर माशी बसू न देणारी बाई. त्यांच्या खोलीतली प्रत्येक फडकं चौकोनी घडीत होतं, आणि आत्याच्या डोळ्यांसमोर ती मखमलीची घडी उभी राहिली.

"बघताय काय फडक्यांकडे?" चकाचकबाई कडाडल्या. "घडी घातली म्हणून मी चोर? या इमारतीत घडी घालणारी मी एकटीच असेन तर लाज वाटायला हवी बाकीच्यांना!"

"मी कुठे काही म्हटलं?"

"तुमचे डोळे म्हणाले. ऐका, माझा राग ढालीवर नाही, बॅगवाल्या पैलवानावर आहे. मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी आमची गाडी बंद पडली. मी त्याच्याकडे एक ट्रॅक्टर मागितला. फक्त ओढून न्यायला! तो म्हणाला, माझा आकडा बिघडेल. ते विमान किती उशिरा सुटलं, विचारू नका. आणि दुसऱ्या दिवशी ढाल कुणाला? त्यालाच!"

"मग त्याच्या खोलीतून किल्ली उचलायला तुमच्याकडे कारण होतं."

"कारण होतं, पण उचलणार कशी? त्याच्या दाराला जोरकस स्प्रिंग आहे. जो बाहेर पडेल त्याच्यामागे धाडकन् आपटतं आणि आपोआप बंद होतं. आमच्या पोरींच्या बादल्या कितीदा कलंडल्या त्या दारापायी! आत शिरायला किल्ली फक्त त्याच्याकडे."

आत्या खिडकीपाशी गेली. खाली एक विमान येऊन उभं राहिलं होतं. सफाईची गाडी विमानाजवळ आली आणि पाठोपाठ बॅगांचा ट्रॅक्टर. सफाईची गाडी आपणहून मागे सरकली, ट्रॅक्टरला वाट मिळाली, आणि ट्रॅक्टरवाल्यानं हात वर करून सलाम ठोकला. जरा पलीकडे सुरक्षेचा माणूस एका आजोबांची चाकाची खुर्ची ढकलत होता, जे त्याचं काम नव्हतं.

आठवड्यापूर्वी एकमेकांना वाट न देणारी माणसं आज एकमेकांवर इतकी माया करत होती. कस्टममध्ये असं दिसलं की आत्याला एकच गोष्ट सुचे, सगळे सामील आहेत. चोर एक नव्हे, तिघंही असले तर?

४

पैलवान अंगानं काडीपैलवान होता. पण बोलायला लागला की खोली भरून जायची.

"या आत्याबाई, या! माझं दार सदा उघडं!" तो म्हणाला.

दार खरंच उघडं होतं. त्याला खाली दोन लोखंडी वजनं लावून अडवलेलं होतं. आत्या वजनांना वळसा घालून आत गेली.

"किल्ली या खिळ्याला टांगलेली असते," पैलवान सांगू लागला. "कुणीही यावं, कुणीही न्यावी. मी पहाटेपासून बॅगांच्या सरकत्या पट्ट्यांवर असतो. चोरानं माझ्या मोठ्या मनाचा फायदा घेतला, दुसरं काय!"

"ढाल गेल्याचं दुःख झालं असेल तुम्हाला."

"दुःख?" पैलवान क्षणभर अडखळला. "झालं की. माझ्याइतकी ती कुणी जिंकली नाही. माझ्याइतक्या चटकन बॅगा कुणी उतरवत नाही. खोटं वाटत असेल तर उद्या सकाळी या आणि माझी तपासणीची बॅग बघा."

तपासणीची बॅग ही पैलवानाची दौलत होती. तिच्यात लोखंडी वजनं भरलेली असत. रोज सकाळी प्रवासी यायच्या आधी ती बॅगा घेणाऱ्या प्रत्येक खिडकीच्या वजनकाट्यावर ठेवायची. सगळे काटे एकच वजन दाखवतायत ना ते पाहायचं, मग तीच बॅग पट्ट्यावर सोडून पट्टा नीट चालतोय ना ते पाहायचं. पैलवानाच्या हाताशिवाय तिला कुणाचा हात लागत नसे.

आत्या निघताना पुन्हा दारापाशी थांबली. दोन्ही वजनं लखलखीत होती, धुळीचा कण नव्हता. ती दारापाशी ठेवल्याला फार दिवस झालेले नव्हते.

पण सदा उघडं असणारं दार गेल्या आठवड्यापर्यंत धाडकन् आपटत कसं होतं?

५

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पट्ट्यापाशी हजर होती. पैलवानानं आपली तपासणीची लाल बॅग उचलून काट्यावर ठेवली. आकडा तोच आला. दुसरा काटा, तोच आकडा. तिसरा, तोच. पैलवानानं आत्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू आकडा त्यानंच जन्माला घातला होता.

"माझ्या बॅगेचं वजन केसभर इकडेतिकडे होत नाही," तो म्हणाला.

मग बॅग पट्ट्यावरून गेली. सुरक्षेच्या पडद्यावर तिचा काळा ठोकळा उमटला. लोखंड असंच दिसतं, म्हणून पडद्यापुढच्या माणसानं डोळाही हलवला नाही. रोजची बॅग, रोजचा ठोकळा.

आत्याचे डोळे मात्र बॅगेच्या पोटाकडे होते. हजारो बॅगा तिनं पाहिल्या होत्या. आत सुटी वजनं असली की बॅग तळाशी लोंबते. ही बॅग एका बाजूनं ताठ होती, आत कुणी परात उभी ठेवल्यासारखी.

ती भाचीच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "ठमे, तिघांनाही बोलाव. ती लाल बॅगही आणायला सांग. आणि पैलवानाच्या दाराखालची दोन वजनं मी स्वतः आणते."

"चोर सापडला?"

"सापडला. पण आधीच सांगते, तुला आवडणार नाही."

६

वजनं टेबलावर आल्याबरोबर पैलवानाचा चेहरा उतरला. मेजर ताठ बसले होते, चकाचकबाई त्या वजनांना हात लावून धूळ शोधत होत्या.

"ढाल बाहेर गेली नाही, हे मेजरसाहेबांनी सांगितलं," आत्या म्हणाली. "म्हणजे ती अशा जागी होती जिथे रोज सगळे बघतात आणि कुणी उघडत नाही. अशी जागा या विमानतळावर एकच आहे. पण बॅगेत पितळेची जड ढाल घातली तर बॅग भारी होणार. दुसरा कुणी चोर असता तर ती तशीच भारी राहू दिली असती, आणि काट्यावर लगेच उघडी पडली असती. हा चोर मात्र आपल्या बॅगेचं वजन चुकू देईना. त्यानं ढालीच्या वजनाइतकी वजनं बाहेर काढली. आता ती ठेवायची कुठे? दारापाशी. एका दगडात दोन कामं. वजनं लपली आणि दार उघडं राहिलं, म्हणजे किल्ली कुणीही नेली असेल असं म्हणता येईल. पण त्या दाराची स्प्रिंग किती बादल्या कलंडवून बसलीय, हे चकाचकबाईंना पाठ आहे."

तिनं बॅगेची चेन ओढली. वजनांच्या मधोमध टॉवेलमध्ये गुंडाळलेली ढाल होती. टॉवेलचीही नीट घडी होती.

चकाचकबाईंच्या तोंडून एवढंच निघालं, "अहो, पण ती तुमचीच होती!"

"म्हणूनच," पैलवान म्हणाला. त्याचा खोली भरणारा आवाज पार बसला होता. "बाई, तुम्हाला ट्रॅक्टर दिला नाही त्या दिवशी ते विमान रखडलं. त्या विमानात माझी लेक होती. पुढच्या शहरात तिला दुसरं विमान पकडायचं होतं. ते चुकलं. तिची मुलाखत गेली. ती परत आली त्या दिवशी मी परवानगी काढून ढाल रात्रीपुरती घरी नेली, म्हटलं बघ, बाप पहिला आला. ती माझ्याशी बोलली नाही, आजवर बोललेली नाही. रांग आखूड ठेवायला मेजरनी लोक अडवले, आकडा राखायला मी ट्रॅक्टर अडवला, बाईंची गाडी मला वाट देईना. आम्ही तिघंही पहिले येत होतो आणि विमान शेवटी येत होतं."

"मग मला सांगायचं होतंत!" मॅडम म्हणाल्या.

"सांगितलं होतं, मॅडम. बैठकीत म्हटलं होतं, ही ढाल बंद करा. सगळे हसले. म्हणाले, जिंकून जिंकून कंटाळला वाटतं."

संचालिका खाली बघू लागली. "हो," ती म्हणाली. "मीही हसले होते."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. कोडं सुटलं होतं. तिघं सामील नव्हते. झुंजायला काही उरलं नाही म्हणून माणसं आपणहून एकमेकांच्या मदतीला धावली होती, आणि आठवडाभर विमानं वेळेवर सुटत होती ती याचमुळे. चोरीनं जे दाखवून दिलं ते तीन वर्षांच्या आराखड्यात लिहिलेलं नव्हतं. पण समिती तासाभरात येणार होती. ढाल हातात होती. पुसून कपाटात ठेवली की कुणाला काही कळणार नव्हतं, आणि भाचीची खुर्ची शाबूत राहणार होती.

"ठमे," आत्या हळूच म्हणाली, "आता तू काय करणार?"

७

समितीचे अध्यक्ष कमी बोलणारे आणि जास्त ऐकणारे गृहस्थ होते. अशी माणसं आत्याला फार धोक्याची वाटत. ती मागच्या रांगेत तिघा विभागप्रमुखांच्या शेजारी बसली होती.

संचालिका उभी राहिली. ढाल तिनं टेबलावर ठेवली.

"अहवालात मी लिहिलंय की या ढालीमुळे विमानतळ वर आला," ती म्हणाली. "ते पहिल्या वर्षापुरतं खरं आहे. आळसावलेल्या विभागांना तिनं जागं केलं. पण नंतर तिनंच आम्हाला एकमेकांचे वैरी केलं. मी प्रत्येक विभागाची चाल मोजली, विमानतळाची मोजायला विसरले. प्रवाशाला रांग आखूड असून उपयोग नाही, त्याला वेळेवर निघायचं असतं. हे मला माझ्याच एका माणसानं दाखवलं. त्यासाठी त्यानं ही ढाल चोरली. नवा आराखडा मी असा मांडतेय. सगळ्यांचं मोजमाप एकच, प्रवासी दारातून आत आल्यापासून विमान सुटेपर्यंत. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्या आराखड्याचा कणाच चुकला, असं तुम्ही स्वतः सांगताय?"

"हो."

"आणि तो चोर कोण?"

"नाव मी सांगणार नाही. त्याचा हिशोब मी करीन. तुम्हाला माझा करायचा असेल तर करा."

आत्याला वाटलं, संपलं. एवढ्यात खुर्ची करकरली.

"चोरी मी केलीय," पैलवान उभा राहून म्हणाला.

"तुम्हाला उभं राहायला कुणी सांगितलं होतं?" अध्यक्ष म्हणाले.

"कुणी नाही साहेब. पण मेजर मघापासून इतके ताठ बसलेत की उद्या लोकांना वाटेल त्यांनीच केलं. हे काम माझं आहे. वजन केसभर न चुकवता केलंय. दुसऱ्याच्या नावावर मी ते जाऊ देणार नाही."

आधी चकाचकबाई फिसकन हसल्या, मग मेजर, आणि मग कमी बोलणारे अध्यक्ष इतके हसले की त्यांना पाणी मागवावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी बरोबरच्या दोघांशी कुजबुज केली. आत्याला ती फार लांबल्यासारखी वाटली.

"बाहेरच्या कंपनीनं आम्हाला फार गुळगुळीत अहवाल दिलाय," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "त्यात एकही चूक नाही. आजपर्यंत एकही चूक न केलेली माणसं कामावर ठेवायची मला भीती वाटते. तुमचा नवा आराखडा मंजूर. या माणसाचं काय करणार, ते मात्र आत्ता आमच्यासमोर सांगा."

संचालिका पैलवानाकडे वळली. "चोरी ती चोरी. शिक्षा होणार. आजपासून तुमचे ट्रॅक्टर तुमचे नाहीत, विमानतळाचे. जो मागेल त्याला द्यायचे, आणि कोणाला कधी द्यायचा हे ठरवायला सफाईच्या बाई बसतील."

पैलवान कळवळला. ते ट्रॅक्टर तो स्वतःच्या हातानं पुसत असे. पण मान डोलावून खाली बसला, आणि चकाचकबाईंनी विजयी मुद्रेनं त्याच्या खांद्यावर थाप मारली.

८

सगळे पांगल्यावर संचालिका आत्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन धपकन् बसली. बाहेर एक विमान मागे सरकत होतं आणि तिन्ही विभागांची माणसं बाजूला उभी राहून त्याला हात करत होती.

"आत्या, तीन वर्षं मी चुकीचं मोजत होते गं," ती म्हणाली. "एवढ्या लोकांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगितलं. हातातले कागदही उलटे धरले होते."

"दिसत होते."

"तुला लाज वाटली का माझी?"

आत्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आयुष्यभर तिनं लोकांना खरं बोलायला लावलं होतं, दमात घेऊन, बॅगा उसवून. कुणी न विचारता, सगळं गमावायची तयारी ठेवून खरं बोललेलं माणूस तिनं आज पाहिलं, आणि ते तिच्या घरचं होतं. तिची छाती इतकी भरून आली की नेहमीच्या बढाया सुचेनात.

"वेडाबाई," ती म्हणाली, "मला आज कस्टममधल्या माझ्या सगळ्या जुन्या मैत्रिणींना फोन करायचाय. चोर पकडला म्हणून नाही. तू कोणाची भाची आहेस ते सांगायला."